नणंदेचा घास

मार्गिलान, १२ ऑक्टोबर २०२३

...तोवर माझं अंगण झाडून झालं होतं, पाणी शिंपडून झालं होतं, कणीक मळून उबेला ठेवली होती आणि मी चौथ्या बरणीत रस्सा गाळत होते. रेशमाच्या फडक्यातून रस्सा थेंबाथेंबानं उतरतो. घाईनं पिळला की गढूळ होतो, आणि नुकत्या शिवलेल्या पोटाला गढूळ रस्सा चालत नाही, म्हणून मी हात बांधून उभी होते. तेवढ्यात दार वाजलं. दारात तू. नवा पांढरा कोट आणि झिजलेले बूट.

"उस्तादांनी पाठवलंय. बरण्या न्यायला."

"नाश्ता केलास?"

"केला, वहिनी."

"काय खाल्लंस?"

"चहा."

"चहा खातात होय रे तुमच्या अंदिजानला?"

तू हसलास. मी रोटी मोडून हातात दिली, ती तू उभ्याउभ्याच संपवलीस आणि चार बरण्या उचलल्यास. तीन पिशवीत, चौथी छातीशी, नुकतं जन्मलेलं बाळ धरावं तशी. २००१ सालचा एप्रिल. तू पंचवीस वर्षांचा होतास. तू गल्लीच्या वळणापर्यंत जाईतो मी दारात उभी राहून बघत होते. एक थेंब सांडला नाहीस. मी मनात म्हटलं, हा शागीर्द टिकेल.

इल्होमजोन, नऊ वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि सुरुवात रश्श्यापासून केली. दुसरीकडून करायला गेले तर जमेना, तीन कागद फाडले. तू माझा फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. जे सांगायचं ते फोनवर सांगण्यासारखं नाहीही. ताश्कंदच्या टॅक्सीवाल्या मुरोदकडे हे देते, तो रोज घाट ओलांडून जातो. जुन्या रशियन लिपीत लिहिते आहे. नवी वाचता येते मला, पण हात जुन्यातच चालतो.

परवा राझिया ओपा आल्या होत्या. ऑपरेशनच्या खोलीत चाळीस वर्षं हत्यारं हातात देणाऱ्या, सगळ्यांच्या थोरल्या ताई, आपल्या राझिया ओपा. गुडघे गेले, सिगारेट गेली नाही. चहा पिता पिता म्हणाल्या, "तुमचा इल्होम ताश्कंदला सोनोग्राफी करतो. अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या पोटावरून डबी फिरवतो."

"आणि ऑपरेशनं?"

"इथून गेल्यापासून चाकू धरला नाही. ओयनिसा, उस्तादांनंतर तसा हात मी पाहिला नाही. आणि तो डबी फिरवतो!"

त्या गेल्या आणि मी कणीक मळायला बसले, ती मळतच राहिले. त्या दिवशीच्या रोट्या दगडासारख्या झाल्या.

तुझे उस्ताद, माझा नवरा, जाऊन जानेवारीत दोन वर्षं होतील. तू मातीला आला नाहीस, म्हणून लोक बोलले. मी काही बोलले नाही. त्यांच्या ऑपरेशनच्या वह्या आता माझ्याकडे आहेत, चाळीस वर्षांच्या चाळीस. दुपारी कामं आटोपली की एकेक वाचते. त्यांच्या अक्षराची एक गंमत माझ्या लक्षात आली आहे. ऑपरेशन छान झालं असेल तर अक्षर गिचमिड, कसंतरी उरकलेलं. वाईट झालं असेल तर मोत्यासारखं. जणू अक्षर नीट काढलं की माणूस परत येणार होता.

पहिल्या वह्यांत सगळे अल्सरचे. त्या काळात गोळ्यांनी अल्सर बरा होत नसे, दोन-तृतीयांश जठर काढून टाकायचे. मी तेव्हा वॉर्डात फरशी पुसायची. शाळा आठवीपर्यंत. त्यांच्या रशियन पुस्तकाचं एक फाटकं पान कचऱ्याच्या बादलीत पडलं होतं, ते मी पोछा भिंतीला टेकवून बघत होते. ते मागे येऊन उभे राहिले.

"रशियन येतं?"

"नाही."

"मग काय वाचतेस?"

"चित्र. हे जठर आहे. आणि इथे ते चुकीचं छापलंय, डावं-उजवं उलट झालंय."

त्यांनी पान घेतलं, बघितलं, आणि खोलीत निघून गेले. दुसऱ्या दिवशी मला शब्दकोश आणून दिला. लग्न त्यानंतर वर्षानं, १९८० ला. डॉक्टरनं पोछेवाली केली म्हणून सासूबाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. घरात माझ्याशी बोलायची एकच व्यक्ती होती, माझी नणंद मुहय्यो. सात वर्षांची. तिच्या चाळीस बारीक वेण्या मी घालायची, आणि ती मला घरातली सगळी भांडणं सांगायची.

१९९४ ची वही बघ कधीतरी. इस्पितळात धागा संपला होता. ताश्कंदहून येत नव्हता, मॉस्कोहून यायचा प्रश्नच नव्हता. ते घरी येऊन म्हणाले, "रेशमाच्या गावात राहतो आणि माझ्याकडे पोट शिवायला धागा नाही." मी गल्लीतल्या विणकरणींकडून पीळ दिलेलं रेशीम आणलं, अंगणात उकळलं, लाकडी रिळांवर गुंडाळून दिलं. वीज गेली की ते टेबल खिडकीशी ओढून उन्हात शिवायचे. त्या वहीतलं अक्षर पानापानावर गिचमिड आहे. आयुष्यातली सगळ्यात चांगली ऑपरेशनं त्यांनी त्या वर्षी केली.

तुला काय सांगायचं आहे ते अजून लिहिलं नाही, मला कळतंय. एवढंच लिहिते. मुहय्यो गेली ती इल्होमची शिवण सुटली म्हणून, असं सगळ्यांनी म्हटलं, कागदावर लिहिलं, आणि तूही मानलंस. ते तसं नव्हतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

आज इथंच थांबते.

ओयनिसा वहिनी


मार्गिलान, २६ ऑक्टोबर २०२३

इल्होमजोन,

मुरोद म्हणाला, तू पत्र घेतलंस, घडी करून खिशात ठेवलंस आणि त्याला चहा पाजलास. उत्तर नाही. चालेल. जो पत्र खिशात ठेवतो तो वाचतो.

मी सांगायचं टाळते आहे असं तुला वाटेल. टाळतेच आहे. पण ते चांगले दिवस मला एकदा कागदावर नीट मांडू दे, मग बाकीचं.

उस्ताद छप्पन्न वर्षांचे असताना तुम्ही दोघं इस्तंबूलला गेलात, दोन महिने. परत आलात ते दुर्बिणीतून पोट कसं कापायचं ते शिकून. चहा ओतायच्या आधीच ते सांगायला लागले, "ओयनिसा, आयुष्यभर मी लोकांना खाता यावं म्हणून कापलं. आता खाता येऊ नये म्हणून कापणार!" मला वाटलं, दमलेत, काहीतरी बोलतायत.

मग त्यांनी चहाचा प्याला घेतला आणि कढईत ठेवला. म्हणाले, "आज पोट या कढईएवढं. उद्यापासून या प्याल्याएवढं." पुढे प्रत्येक रुग्णाला त्यांनी तसंच समजावलं. तो प्याला त्यांच्या टेबलावर असायचा, निळा, कडेला टवका गेलेला. आणि रश्श्याचं माप मी ठरवलं. पहिले दोन दिवस चहाचा चमचा, घोटाघोटात पाच मिनिटं. मग अर्धा प्याला. दोन आठवडे दाताखाली येईल असं काही नाही. हे मी शंभर बायाबाप्यांना शिकवलं असेल, तुमच्यापेक्षा जास्त दरडावून. तो खोलमात तंदूरवाला आठवतो? एकशे साठ किलोचा. महिन्यानं पहिलं अंडं खायला दिलं तर अर्ध्यातच थांबला आणि रडायला लागला. तू घाबरलास. "दुखतंय का, अका?" तो म्हणाला, "नाही रे. पोट भरलं. पोट भरणं म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं."

आणि लग्नात! उस्ताद माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "तो खांबापाशी बसलाय ना, तो माझ्याकडे येणार. त्याच्या शेजारचा पित्ताशयासाठी येणार." मी म्हणायची, "जेवा गुपचूप." ते म्हणायचे, "मी जेवतोच आहे. मी गिऱ्हाइकं बघतोय." तू समोर बसून हसू दाबायचास. ती पाच वर्षं आमच्या घरातली सगळ्यात हसरी वर्षं होती.

आता मुहय्यो.

चाळीस वेण्यांची ती पोर एकेचाळीस वर्षांची झाली तेव्हा एकशे अडतीस किलोची होती. नवरा रशियात कामाला गेला तो तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. तिची नफीसा अकरा वर्षांची. जिना चढताना मुहय्यो तीनदा थांबायची, आणि प्रत्येक वेळी काहीतरी विनोद करायची, म्हणजे लोकांना वाटावं की विनोदासाठी थांबली. शेवटी तीच भावाला म्हणाली, "अका, माझंही पोट प्याल्याएवढं करा."

ते म्हणाले, "सख्ख्या बहिणीवर मी हात चालवणार नाही. इल्होम करेल. मी समोर उभा राहीन."

ऑपरेशनचं कुणाला सांगायचं नाही हे मुहय्योनं ठरवलं. आपल्याकडे तसंच करतात, तुला सांगायला नको. अपेंडिक्स काढलं तर सगळी गल्ली फळं घेऊन येते, पण बाईनं खाणं आवरत नाही म्हणून पोट कापून घेतलं, हे सांगायची सोय नाही. आम्ही सांगितलं, डोंगरातल्या सॅनेटोरियमला गेली आहे, गुडघ्यांसाठी.

मंगळवारी ऑपरेशन झालं. तू बाहेर आलास तेव्हा मानेपर्यंत भिजला होतास. उस्ताद तुझ्या मागून आले आणि त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्यांनी आयुष्यात किती जणांच्या खांद्यावर ठेवला असेल? मी तरी दुसऱ्या कुणाच्या पाहिला नाही. रविवारी ती घरी आली, आमच्याच घरी. रस्सा पीत होती. ठीक होती.

आणि त्या गुरुवारी माझ्या नातवाला पाळण्यात घालायचा समारंभ होता. तारीख महिन्याआधी ठरलेली. बाळाच्या बापाची आत्या म्हणजे मुहय्योच, ती नसेल तर पाळणा बांधणार कोण? पुरुषांचा पुलाव पहाटे झाला, बायकांचा दुपारी. उस्ताद आणि तू इस्पितळात होतात. साठ बायका होत्या. पुलावाच्या पराती आल्या आणि यजमानीण म्हणून मी उठले, हातानं घास भरवायला. पहिला घास नणंदेचा, हे कुणी सांगावं लागत नाही.

मुहय्योनं तो घास खाल्ला. तिलाच खावासा वाटला. नऊ दिवस तिनं नुसतं पाणी पाहिलं होतं, वासानं तिचं मन गेलं असावं, तिनं मागितला आणि मी दिला. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. पुढचं तुला माहीत आहे.

हेच सांगायचं होतं. शिवण तुझ्या हातानं सुटली नाही, पुलावानं सुटली. नवव्या दिवशी चावून खाल्लेलं आणि ओकून काढलेलं कुणाची शिवण सोसेल? उस्तादांना हे कधी कळलं नाही. कळलं असतं तर त्यांनी तुला तसं घालवलं नसतं. ते न कळता गेले, हे माझं पाप आहे, आणि ते घेऊन मी रोज उठते.

नफीसा माझ्याकडेच वाढली. आता वीस वर्षांची आहे, फर्गानाला डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला. तिला सर्जन व्हायचंय.

ओयनिसा


मार्गिलान, ९ नोव्हेंबर २०२३

इल्होमजोन,

तुझी चिठ्ठी मुरोदनं दिली. चार ओळी. मी त्या इतक्यांदा वाचल्या की कागद मऊ पडला. "वहिनी, झालं ते झालं. मी ठीक आहे. मशीन चालवतो, संध्याकाळी घरी जातो. नफीसाला यातलं काही सांगू नका. तुमच्याशिवाय तिला कोण आहे?"

तू असं लिहिशील हे मला माहीत असायला हवं होतं. तुझ्या ह्या चांगुलपणामुळेच मला आता सगळं लिहावं लागतंय. कारण मागच्या पत्रात मी दोन गोष्टी चुकीच्या लिहिल्या. एक मला माहीत नव्हती. दुसरी मी जाणून खोटी लिहिली.

पहिली आधी. मी राझिया ओपांकडे गेले. पहिल्यांदाच कुणाला तोंडानं सांगितलं, की घास मी दिला होता. त्या खिडकीतून धूर सोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत आहे."

"कसं?"

"शुक्रवारी पोट पुन्हा उघडलं तेव्हा मी होते ना. ते आणि मी. इल्होमला त्यांनी बाहेर ठेवलं होतं. पाणी ओढायची नळी तुंबली, मी ती काढली. गाजराचा तुकडा आणि भाताची शितं. त्यांनी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, राझिया, तू काही पाहिलं नाहीस. मी म्हटलं, नाही पाहिलं, उस्ताद."

मी विचारलं, "त्यांनी काही विचारलं नाही, कुणी दिलं म्हणून?"

"काय विचारायचं त्यात? त्या घरात घास कोण भरवतं ते त्यांना माहीत नव्हतं?"

मी घरी येऊन २०१४ ची वही काढली. ते पान मी इतके दिवस उघडलं नव्हतं. त्या शुक्रवारचं अक्षर असं आहे की शाळेच्या भिंतीवर लावावं. गाजराचा उल्लेख नाही. भाताचा नाही.

म्हणजे आठ वर्षं त्यांना माहीत होतं. गुरुवार म्हणजे आपल्याकडे पुलावाचा दिवस, पण समारंभानंतरच्या गुरुवारी त्यांनी मला सांगितलं होतं, आता घरात पुलाव करत जाऊ नकोस. मला वाटलं, साखर वाढलीय म्हणून. मी दर गुरुवारी शेवया केल्या, आणि ते काही न बोलता जेवले. मी स्वतःला सांगायची की त्यांना वाचवण्यासाठी गप्प आहे, आणि ते मला वाचवण्यासाठी गप्प होते. आणि आमच्या दोघांच्या मधे तू होतास. तो दिवस मला आठवतो, इस्पितळाच्या व्हरांड्यात ते तुला सगळ्यांसमोर म्हणाले, "यापुढे माझ्या शेजारी हात धुवायला उभा राहू नकोस." तू तेरा वर्षं त्यांच्या शेजारी हात धुतले होतेस. शागीर्दाला निरोप देताना उस्ताद दुवा देतो, तीही त्यांनी दिली नाही. मी समजत होते की ते दुःखात बोलले. ते जाणून बोलले. माझ्या नवऱ्याला मी त्रेचाळीस वर्षं ओळखत होते, तरी हे लिहिते. त्यांनी तुझ्यावर अन्याय केला. माझ्यासाठी केला, म्हणून तो लहान होत नाही.

आता दुसरी गोष्ट. मुहय्योनं घास मागितला नव्हता.

मी परातीतून घास वळला, तिच्यापुढे गेले, आणि तिनं छातीवर हात ठेवून मान हलवली. नको. मी परतणार होते. तेवढ्यात समोरून सासूबाईंची भाची म्हणाली, "अगंबाई, सॅनेटोरियमचं पाणी चढलेलं दिसतंय! वहिनीच्या हातचं नको झालं." कुणीतरी हसलं. दुसरी म्हणाली, "नको कसलं, अख्खी परात एकटीला हवी असेल तिला." सगळ्या हसल्या. मुहय्योही हसली, ती नेहमीच आधी हसायची. तिनं पुन्हा छातीवर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं. मला ती नजर कळली, इल्होमजोन. आणि मी म्हटलं, "घे गं, एवढासा. बायका बघतायत." लेकराला देतात तेवढाच केला होता. मांस काढून टाकलं होतं. जणू मापानं काही बदलणार होतं. तिनं तोंड उघडलं.

शंभर जणांना मी दरडावून सांगितलं होतं, दोन आठवडे दाताखाली काही नाही. मला माहीत होतं. त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

आणि संध्याकाळी तू धावत आलास. तिची नाडी धरून तू मला विचारलंस, "वहिनी, तिनं काय खाल्लं?" मी म्हटलं, "फक्त रस्सा." तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. रश्श्याच्या बाबतीत माझा शब्द म्हणजे शेवटचा, हे तू पहिल्या सकाळपासून शिकला होतास. रश्श्यानं असं होत नाही, उलट्या थांबतील, सकाळपर्यंत बघू, म्हणालास. मी खरं बोलले असते तर तू तिला त्याच वेळी उचलून नेलं असतंस. चौकशीला आलेल्या तिघांनाही मी तेच सांगितलं, आणि त्यांनी लिहिलेल्या कागदावर सही केली. तू त्यांच्यापुढे म्हणालास, "मी विचारलं होतं." त्यांनी माझा कागद दाखवला आणि तुला गप्प केलं.

तू लिहितोस, नफीसाला सांगू नका. तुला माहीत आहे का ती काय करते? चहाच्या किटलीच्या कानाला दोरा बांधून गाठी मारत बसते. तासन्‌तास. मी म्हणते, जेव. ती म्हणते, "मामी, माझे टाके सुटणार नाहीत. मी त्या माणसासारखे टाके घालणार नाही." तो माणूस म्हणजे तू. मी तिच्यापुढे ताट ठेवते आणि स्वयंपाकघरात जाते.

ती मला सोडून जाईल. म्हणूनच सांगायला इतकी वर्षं लागली. दुसरं काही कारण नव्हतं. नवरा गेला, मुलगा-सून समरकंदला, घरात तिचाच पायरव आहे. पण तू अंधाऱ्या खोलीत डबी फिरवावीस, आणि तिनं एका खोट्या गोष्टीवर आपला हात घडवावा, एवढी किंमत माझ्या घरातल्या पायरवाची नाही.

पुढच्या गुरुवारी ती येईल. तू मना करू नकोस. तुझी दुसरी चिठ्ठी आली तरी मी ती आधी उघडणार नाही.

ओयनिसा


मार्गिलान, २० नोव्हेंबर २०२३

इल्होमजोन,

तुझी चिठ्ठी आली होती. सांगितल्याप्रमाणे उघडली नाही. काल उघडली. "उस्तादांवर मी रागावलो नव्हतो" असं तू लिहिलं आहेस. मला ते वाचून बरं वाटलं नाही. तू रागवायला हवं होतंस.

गुरुवारी नफीसा चारच्या बसनं आली. हात धुतले, चहा घेतला, किटलीला दोरा बांधला. मी समोर बसले आणि म्हटलं, "दोरा ठेव. तुझ्या आईचं सांगायचंय." जसं तुला लिहिलं तसंच सांगितलं, मागं-पुढं न करता. ती ऐकत होती. मधेच बोटाला गुंडाळलेला दोरा तिनं इतका ओढला की बोट पांढरं पडलं.

"आईनं मागितला होता?"

"नाही."

"नको म्हणाली?"

"दोनदा."

"कशी?"

मी छातीवर हात ठेवून दाखवलं. नफीसा तिथं बघत राहिली.

"मामांना माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे तुम्ही दोघं मला रोज जेवायला वाढत होतात, शाळेला सोडत होतात, आणि तो माणूस माझ्या आईचा मारेकरी आहे असं मला शिकवत होतात."

"मी तसं कधी म्हटलं नाही."

"तुम्ही काहीच म्हटलं नाहीत! मी म्हणायचे तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात जायचात. मला वाटायचं, मामी रडायला जाते." तिनं बोटाचा दोरा सोडला. "मी तुमच्यासाठी गप्प बसायचे, मामी. तुम्हाला आईची आठवण नको म्हणून."

तिनं पुस्तकं भरली, कोट घातला. मी रोट्या फडक्यात बांधून दिल्या त्या तिनं ओट्यावर ठेवल्या. नीट ठेवल्या, सुलट, रागातही रोटीचा मान राखून, हे मी पाहिलं. दारात बुटाची नाडी बांधताना मान वर न करता तिनं विचारलं, "हे कागदावर आहे कुठे? की आजपर्यंत तुमची ती जुनी सहीच आहे?"

"जुनीच आहे."

"म्हणजे कागदावर अजून तोच."

"हो."

"मग मला एकटीला सांगून तुम्ही काय केलंत?"

ती वसतिगृहावर गेली. फोन उचलत नाही. मला वाटतं तू तिला ओळखशील, तुझ्यासारखीच आहे. तिला तुझा पत्ता दिलेला नाही, पण मागितला तर देईन, एवढी परवानगी गृहीत धरते. तुम्ही दोघं एकमेकांना काय सांगाल ते तुमचं.

तू पुन्हा चाकू धर किंवा धरू नकोस, ते सांगायचा हक्क मला नाही. तू शिवलेली शिवण चांगली होती, हे सांगायचा आहे. नऊ दिवस ती टिकली होती, आणि जिथं ती फाटली नव्हती तिथं राझिया ओपांनी ती शुक्रवारीही घट्ट पाहिली. हे त्यांनी मला सांगितलं आणि मी तुला सांगते आहे. दुवा द्यायला ते नाहीत. माझी कोण घेईल, पण मी दिली असती.

तर नफीसा गेली गुरुवारी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्पितळात गेले, मुख्य डॉक्टरांच्या समोर बसले, आणि घास कुणी दिला, तिनं किती वेळा नको म्हटलं आणि तू विचारलंस तेव्हा मी काय उत्तर दिलं, हे सगळं माझ्या हातानं लिहून खाली सही केली.

ओयनिसा